ससा उठला होता

धावड्याच्या आप्पांना शिकारी म्हणायचं की राखणदार, हे समोर ऐकायला कोण बसलंय यावर ठरतं. पोरांपुढे ते शिकारी असतात. घरी काकूंपुढे राखणदार. आणि बसस्टँडवर खाकी कपडा दिसला, की मका-हरभऱ्याच्या काळजीने रात्र रात्र न झोपणारा एक गरीब अल्पभूधारक. अजिंठ्याच्या डोंगराखाली भोकरदन तालुक्यात जेवढी गावं, तेवढे आप्पा. नाव बदलतं, बॅटरी तीच.

बॅटरीचं आधी सांगितलं पाहिजे, कारण आप्पाही तिथूनच सुरुवात करतात. पूर्वी तीन सेलची, पितळी रंगाची, खाली टोपण फिरवलं की सेल पायावर पडणारी. आता कपाळाला पट्टा, पट्ट्याला दिवा, दिव्यातून निघालेली वायर पाठीवरून कमरेच्या डबीत. डबी दिवसभर चार्जिंगला. घरातला एकच बरा प्लग तिने अडवलेला असतो, म्हणून काकूंचं मिक्सर संध्याकाळनंतर बंद आणि चटणी पाट्यावर. दिव्याचा झोत पार डोंगरापर्यंत जातो, असं आप्पा म्हणतात. डोंगराकडून अजून तक्रार आलेली नाही.

मग कुत्री. टायगर, शेरू आणि डॉन. टायगर म्हातारा, त्याचा एक कान फाटलेला. तो रानडुकराने फाडला असं आप्पा सांगतात आणि मांजराने फाडला असं गाव सांगतं. शेरू धावतो चांगला, पण कशाच्या मागे धावायचं ते त्याचं ठरत नाही. डॉन पुढच्या मळ्यातल्या माणसाचा. त्याला रात्रीची भाकरी इकडे मिळते म्हणून तो पथकात आहे.

दिवाळी सरली, सोयाबीन निघाली, हरभरा बोटभर वर आला की मोसम सुरू. त्यातून लाईनीचा रात्रपाळीचा आठवडा आला की आप्पांना बाहेर पडायला कारणही शोधावं लागत नाही. "मोटर टाकून येतो," म्हणून निघतात. मोटर टाकायला माणूस एक पुरे. आप्पांबरोबर पाच जण असतात. एकाकडे काठी, एकाकडे गोणी (ससा टाकायला, अजून कोरी करकरीत), एकाकडे मोबाईल, आणि दोघं नुसतेच, कारण गोष्ट सांगायची तर साक्षीदार लागतात.

बांधाला लागले की आप्पा हात वर करतात. सगळे थांबतात. झोत हळूहळू हरभऱ्यावरून फिरतो आणि एका जागी दोन ठिणग्या दिसतात. इथं आप्पांचं ज्ञान खरं आहे, ते मान्य करायला हवं. रात्री हिंडणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, उजेड त्यावर आपटून परततो, म्हणून डोळे पेटतात. पण डोळे पेटतात ते एकट्या सशाचे नाही. वाटेवर दबून बसलेल्या रातव्याचे डोळेही लालबुंद पेटतात. मांजराचे हिरवे. गवतातल्या कोळ्याचेसुद्धा बारीक चमकतात. एकदा आप्पा पोटावर सरपटत जवळजवळ अर्धं वावर गेले. ठिणग्या हलेनात. "पक्का दबलाय," ते कुजबुजले. हात टाकणार तोच रातवा फडफडत कपाळावरून गेला, दिवा खाली पडला आणि टायगरने इमानाने आप्पांच्या पायालाच तोंड घातलं. ती जखम रानडुकराच्या खात्यावर जमा आहे.

मात्र ससा खरोखर उठतो तेव्हा ते बघण्यासारखंच असतं. झोतात तो आधी थिजतो. लांब कान पाठीला चिकटलेले, मानेवरचा काळा पट्टा मातीत मिसळलेला, नाक तेवढं थरथरतंय. आपला ससा बिळात राहत नाही. गवतात, ढेकळांत अंग रुतवून एवढीशी खळगी करतो आणि दिवसभर तीत पडून असतो. कुत्रं दोन हातांवर येईपर्यंत हलत नाही. आणि मग निघतो. सरळ नाही, नागमोडी. शेरू सरळ सुटतो आणि ससा वळलेल्या जागेवरून तसाच पुढे मक्याच्या धाटांत घुसतो. ससा तोवर बांध चढून डोंगराच्या अंगाला. मागचे पाय लांब, त्यामुळे चढ त्याला सोपा, कुत्र्याला अवघड. आठेक मिनिटांनी कुत्री जिभा बाहेर काढून परत येतात, डॉन मात्र येत नाही. तो भाकरी खाल्लेली असल्यामुळे घरी गेलेला असतो.

"बॅटरी कोण हालवली?" आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला. बॅटरी त्यांच्याच कपाळाला बांधलेली असते, पण ते कोणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहाबरोबर तोच ससा पुन्हा उठतो. रानातला ससा अडीच-तीन किलोचा. हॉटेलातला सात किलोच्या खाली येत नाही. ऐकणारा नवा असेल तर आठ. भाच्याने पुण्याहून आल्यावर मोबाईलवर इंग्लंडमधले व्हिडिओ दाखवले होते: रात्रीचा दिवा, बुटकी, दाढीवाली टेरियर जातीची कुत्री आणि बिळांत पळणारे ससे. आप्पांनी मांडी घालून सगळं पाहिलं आणि निकाल दिला, "बिळातला ससा म्हंजे उंदीर. आन हे कुत्रं? आपल्या टायगरच्या पोटाखालून जाईन." भाच्याने सांगितलं, तिकडे 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्ह्याची आणि मोठ्या रानसशाची शिकार बंद केली, बिळातला छोटा ससा मात्र जमीनमालकाची परवानगी असेल तर चालतो. आप्पा खूश झाले. "मंग बराबर हाय. उंदराला कशाला कायदा?"

आपल्याकडचा कायदा त्यांना नीट माहीत आहे, आणि खरी गंमत तिथंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात सशासारख्या लहान शिकारीला आधी परवाना मिळत असे, 1991 च्या दुरुस्तीने तोही गेला. 2022 च्या दुरुस्तीत अनुसूच्याच नव्याने मांडल्या, ससा चौथीतून दुसरीत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. दुसरा कोणी असता तर बॅटरी माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. आप्पांच्या मात्र हा कायदा पथ्यावर पडला. पूर्वी गोष्ट संपली की एखादा आगाऊ विचारायचा, "मंग ससा कुठंय?" त्यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. आता आहे. ते इकडे-तिकडे बघतात, ओठांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "कायदा हाय बाबू." रिकाम्या गोणीला एवढी अब्रू दुसऱ्या कुठल्याही कायद्याने दिली नसती.

इथं एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. हीच बॅटरी आणि हीच कुत्री घेऊन एखादा फासेपारध्याचा पोरगा शिवारातून गेला असता, तर ओठांवर बोट ठेवायची पाळी त्याच्यावर आली नसती, थेट चौकीच. इंग्रजांनी 1871 साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 साली तो कायदा रद्द झाला. गावाच्या मनातून तो पुरता गेलेला नाही. आप्पांचा मात्र शौक. आप्पाही कधी रागाने म्हणतात, "रानात चोर लई झाले." तेव्हा ते कपाळाचा पट्टा आवळत असतात.

तर मागच्या थंडीत वनरक्षक आले. तरुण पोरगा, मोटारसायकलवर, नव्याने बदलून आलेला. हॉटेलात बसला, चहा सांगितला आणि सहज आवाजात म्हणाला, "आप्पा, तुम्ही ससे मारता असं कानावर आलं."

हॉटेल गप्प. भजी तळणाऱ्याने झारा कढईवरच धरला. आप्पांची अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. हो म्हणावं तर तीन वर्षं. नाही म्हणावं तर पंचवीस वर्षांचे ससे एका दमात मेले, म्हणजे जिवंत झाले, आणि तेही त्या पाच साक्षीदारांच्या देखत.

आप्पांनी बशीतला चहा संपवला. मिशी पुसली. "मारले ना सायब. नाही कसं म्हनू? पन ते पूर्वीचं."

"पूर्वीचं म्हणजे? परवाना होता?"

"परवान्याच्याबी आधीचं."

"म्हणजे बहात्तरच्या आधीचं?"

"हाव. बहात्तरच्या आधीच काय ते मारले. कायदा आला, मी बंद केलं."

वनरक्षकाने मान डोलावली. प्रकरण मिटत होतं. पण मराठवाड्यात 1972 हा आकडा कोणी कायद्यासाठी लक्षात ठेवत नाही. तो दुष्काळाचा. माणसांची वयं इथं त्यावरून मोजतात. आणि आप्पांनीच दर उन्हाळ्याला, पाण्याचा विषय निघाला की, सांगितलेलं होतं: बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची तेव्हा मी झोळीत होतो. गोणीवाल्या पोराने नको तिथं हिशेब केला.

"आप्पा, तवा तुमी झोळीत होते ना?"

झारा अजून वरच होता. आप्पांनी पोराकडे पाहिलं, वनरक्षकाकडे पाहिलं.

"झोळीत होतो," ते म्हणाले. "म्हनून तर सांगतो, नेम कसा असंल."

वनरक्षक आधी हसला, मग ठसका लागला, मग त्याने आप्पांच्या चहाचे पैसे दिले. जाताना मात्र हसू पुसून म्हणाला, "राखण करा, डबे वाजवा, पिकाचं नुकसान झालं तर अर्ज द्या, पंचनामा करू. कुत्री सोडलेली दिसली तर मला कागद करावा लागेल." आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी डबी चार्जिंगवरून निघाली आणि काकूंचं मिक्सर संध्याकाळी सात वाजता चाललं. अर्ध्या गल्लीला वाटलं, काकूंकडे पाहुणे आलेत.

गोष्टी थांबल्या नाहीत. फक्त एक पिढी मागे सरकल्या. आता सगळे ससे आप्पांच्या वडलांनी मारलेले आहेत. वडलांकडे बॅटरीही नव्हती, गॅसबत्ती होती, आणि कुत्रं एकच, पण वाघासारखं. परवा ओट्यावर ही गोष्ट अगदी रंगात आली होती. नऊ किलोचा ससा नदीच्या काठाने उठला होता, वडील मागे होते. काकू आतून चहाचे कप घेऊन आल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "मामंजी माळकरी होते. घरात कांदा चिरला तरी उठून जायचे."

आप्पांनी कप घेतला.

"मंग मी काय म्हन्तो? मारायचे फक्त. खात नव्हते."