झाशी कधी द्यावी

झाशीतल्या मराठी माणसाबरोबर पत्ते खेळायला बसू नये. आपण हरतो म्हणून नव्हे, तर समोरचा डाव सोडतच नाही म्हणून. माझी आत्या लग्न होऊन सदर बाजारात गेली आणि तिथलीच झाली. छावणीचा हा बाजार संध्याकाळी टिक्कीच्या तव्यांनी आणि साध्या कपड्यांतल्या फौजींनी भरतो. दिवाळीत वरच्या मजल्यांवरून तीनपत्तीची भांडणं ऐकू येतात. आत्याकडे मात्र यंदा पोकर आला. आणला नातवानं. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, फोनमधलं त्याचं टेबल उठलं आणि त्यानं ते आजीच्या दिवाणखान्यात मांडलं. पैशांऐवजी राजमा.

तीनपत्तीत सुरुवातीचा बूट सगळेच टाकतात, त्यामुळे कुणाच्या पोटात दुखत नाही. पोकरमध्ये पानं बघण्याआधी दोघांनाच भुर्दंड. वाटणाऱ्याच्या डावीकडच्यानं स्मॉल ब्लाइंड भरायचा, एक राजमा. त्याच्या पुढच्यानं बिग ब्लाइंड, दोन. मग प्रत्येकाला दोन पानं. भुर्दंड फिरत फिरत सगळ्यांवर येतो, पण भरणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपल्यालाच लुटलं. पानं भिकार आली तर भरलेलं सोडायचं की लढायचं, हा खरा पेच.

बावन्न पानांतून दोन पानं 1326 प्रकारे येऊ शकतात. एकरंगी की भिन्नरंगी एवढाच भेद ठेवला तर जाती उरतात 169. नातवानं त्या 169 चौकोनांचा तक्ता छापून आणला होता, हिरवे खेळायचे, लाल टाकायचे. आत्यानं तो चिवड्याच्या डब्याखाली अंथरला.

तिचं धोरण सोपं. मध्ये पडलेला राजमा आपला आहे आणि आपली झाशी द्यायची नाही. त्यातून हातात राणी आली की विचारूच नका. "राणी हातात असताना पळायचं? झाशीत?" आतोबा सुपारी कातरत म्हणाले, "अगं, डलहौसीनं संस्थान खालसा केलं 1854 साली. बाईंनी तलवार उपसली का लगेच? आधी अर्ज केले, जॉन लँगसारखा वकील बोलावून घेतला. सत्तावनापर्यंत पानं हातात धरून बसल्या." आत्यानं त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता राजमा पुढे सरकवला.

आणि गंमत अशी की बिग ब्लाइंडवर म्हातारीचं गणित बरंचसं बरोबर होतं. नातवानं बोली पाचावर नेली, बाकीच्यांनी पानं टाकली, की मध्ये आठ राजमे असतात आणि आत्याला भरायचे फक्त तीन. अकराच्या ढिगासाठी तीन! शंभरात सत्तावीस वेळा जिंकली तरी सौदा बरोबरीत सुटतो. भिन्नरंगी सत्ती-दुर्रीसारखी दळभद्री जोडीसुद्धा कुठल्याही अनोळखी हाताशी शंभरात चौतीस-पस्तीस वेळा जिंकते. अर्थात बोली वाढवणाऱ्याकडे सहसा सत्ती-दुर्री नसते, आणि पुढच्या फेऱ्यांत त्याच्याआधी आपल्याला बोलावं लागतं. म्हणून अगदी गाळ टाकावाच. पण जोड्या, एक्के, बहुतेक एकरंगी पानं, नव्वी-अठ्ठीसारखी शेजारची पानं इतक्या सवलतीत सोडणं हा शुद्ध नादानपणा. भिन्नरंगी राणी-सत्तीला तर पोकरवाले कॉम्प्युटरचा हात म्हणतात; अनोळखी हाताविरुद्ध ती निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकते. हे कळल्यावर आत्या नातवाकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी वर्णन करणार नाही.

तिची झाशी पडायची ती स्मॉल ब्लाइंडवर. इथे भरलेला असतो एकच राजमा, आणि त्याच बोलीला भरायचे चार. ढीग बाराचा, म्हणजे तीनातून एकदा जिंकायलाच हवं. शिवाय पाठीमागे बिग ब्लाइंडवाला अजून बोलायचा असतो, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या आधी तोंड उघडायचं ते आपण. या जागेवर बसून नुसती बरोबरी करत राहण्याइतका तोट्याचा धंदा दुसरा नाही. पान खणखणीत असेल तर बोली आणखी वाढवावी, नसेल तर एक राजमा गंगार्पण करून चिवडा खावा. आतोबा हे मुळातच आळशी असल्यामुळे बिनचूक करत. आत्याचं मात्र पालुपद, "अर्धं तर भरलंच आहे." मग उरलेलं भरायची, आणि पुढच्या फेऱ्यांत उरलेलंही जायचं.

शेवटी नातवानं डब्याखालून तक्ता ओढून काढला आणि आजीला एकेक लाल चौकोन दाखवायला लागला. तिनं सगळे पाहून घेतले.

"यात समोर कोण बसलंय त्याचा रकाना कुठे आहे रे?" तिनं विचारलं. "हे तुझे आजोबा जोड एक्का आल्याशिवाय बोली वाढवत नाहीत. त्यांनी वाढवली की मी राणीसुद्धा टाकते, पाहिलंस ना? तुझा बाप काहीही घेऊन वाढवतो, त्याच्यापुढे मी तिर्री-पंजीही खेळते. आणि तू चांगलं पान आलं की चष्मा वर सरकवतोस."

हे खरंच होतं. नातवानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुढची रात्रभर तो किलवरला इस्पिक समजून बोली वाढवत राहिला.