गेंडा, गंगाराम आणि आमची गच्ची

"वहिनी, गॅस बंद करून या. निवांत बोलायचंय."

"आधीच केलाय. बिल्डर आला होता का पुन्हा?"

"तो येतोच. हे बघा, नातीनं अमेरिकेतून मोबाइलवर पाठवलंय. ओळखा कुठलं."

"पर्वती की हो! पण गच्चीवरून दिसते त्यापेक्षा किती मोकळी!"

"दिसायची म्हणा. पलीकडच्या सोसायटीनं मजले चढवले आणि आमच्या नशिबी त्यांच्या पाण्याच्या टाक्या आल्या. हे १७९५चं जलरंगातलं चित्र, गंगाराम चिंतामण तांबटांचं. अस्सल पुणेकर."

"तांबट? म्हणजे कसब्यात, आमच्या माहेरच्या..."

"झालं! तुमचं लगेच माहेर! इंग्रजांचा वकील मॅलेट होता ना पेशवे दरबारी, त्याच्यासाठी हा चित्रं काढायचा. शनिवारवाड्यात चित्रशाळा काढायला लावली तीही मॅलेटनंच. जेम्स वेल्स नावाचा गोरा चित्रकार तिथं शिकवायचा."

"पण काकू, १७९५ म्हणजे खर्ड्याचं साल ना?"

"तेच सांगतेय! मार्चमध्ये निजामाशी लढाई, ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यातून पडून गेले, एकविसाव्या वर्षी. त्याच साली हे वेल्ससाहेबही गेले. आणि आमचे गंगाराम काढतायत काय, तर टेकडी, देवळं आणि बागा. मला बाई फार आवडला हा माणूस."

"तोफा-बिफा नाहीत?"

"नाहीत. पण गेंडा आहे. ते वेगळं चित्र, १७९०चं. पेशव्यांच्या शिकारखान्यातला."

"पुण्यात गेंडा?"

"का, आता नाहीत? तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बघा."

"हळू बोला, खिडकी उघडी आहे त्यांची! चित्र आहे कुठे, केळकर संग्रहालयात?"

"कुठलं! येल विद्यापीठाच्या संग्रहात. पर्वती बघायला आता न्यू हेवनचं तिकीट काढा."

"आणि म्हणे बाजीरावानं खडकीची लढाई पर्वतीवरून बघितली."

"दुसऱ्यानं, १८१७मध्ये. आज बघायला बसला असता तर लढाई संपली तरी पत्ता लागला नसता, इतक्या इमारती मध्ये."

"तुम्ही बंगला देणार का मग?"

"मुलं द्या म्हणतात. मी बिल्डरला हे चित्र दाखवणार आहे. म्हणणार, एवढी पर्वती खिडकीतून दिसली तर सही करते."

"तो माहितीपत्रकावर छापेल हो चित्र!"

"छापेल मेला. आणि गेंड्याच्या पार्किंगचे वेगळे पैसे लावील."