अधिक चिन्हाची करामत

सेलच्या पाटीवरचे ‘५० टक्के + २० टक्के सूट’ हे गणित शाळेतल्या बेरजेसारखे ७० होत नाही. २,००० रुपयांची साडी आधी १,००० वर येते, मग उरलेल्या हजारावर २० टक्के सुटतात. म्हणजे द्यायचे ८०० आणि खरी सूट ६० टक्के. अधिक चिन्ह हातभर रंगवलेले असते, ‘पर्यंत’ हा शब्द मात्र मुंगीएवढा. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्के आणि चिमूटभर वर. तिसरा शर्ट नकोच असेल तर शून्य. ५० रुपयांचे घरपोच शुल्क वाचवायला २०० रुपयांची नको असलेली बिस्किटे मागवणारा ग्राहक १५० रुपयांनी हरतो, पण खूश असतो. हाच गृहस्थ मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून ५ रुपयांसाठी भाजीवालीशी दहा मिनिटे हुज्जत घालतो, वर कढीपत्ता फुकट मागतो. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असेही नाही. ते ताडायला पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो. तो वाचायला पैसे पडत नाहीत.