चिनाराला पितृपक्ष पाळायला लावणाऱ्यास

चि. ट्रॅव्हल्सवाले यांस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहीत नाही, तेवढी लाज तुझ्या वतीने मीच राखते. आठवीत माझ्या विज्ञानाच्या तासाला तू मागच्या बाकावर बसायचास. ‘पानांची कार्ये लिहा’ या प्रश्नाला तू ‘सावली देणे’ एवढंच लिहिलं होतंस आणि मी अर्धा गुण दिला होता. तो परत हवाय.

२०२३ चा पितृपक्ष आठवतो ना? आमच्या भिशीतल्या अकरा जणी तुझ्या दुकानात आलो, कारण बाहेरच्या फ्लेक्सवर लालकेशरी झाडं होती. तू म्हणालास, “बाई, काहाले टेन्शन घेता? पितृपक्षात कोनी जात नाही, भाव पडेल असते. पानं अशी लाल भेटन का डोये दिपतीन!” भाव पडलेले होते, खरंच. पानं पडलेली नव्हती.

शेलूबाजारला समृद्धीवर चढलो, नागपूरहून विमान, दिल्लीला दुसरं विमान, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगर. निशात बाग हिरवी. शालिमार हिरवा. नसीम बागेतल्या जुन्या चिनारांचे बुंधे तिघींच्या कवेत येईनात, आणि वर पाहावं तर सगळा पोपटांचा थवा. ड्रायव्हरला मोबाइलवर तुझ्या फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्याने आधी गाडी बाजूला घेतली, मग हसला. “ये बोइन नहीं है, मॅडम.” बोइन म्हणजे त्यांच्या भाषेत चिनार. मी चष्मा पुसून पाहिलं. तुझं पान मॅपलचं होतं, कॅनडाच्या झेंड्यावरचं. श्रीनगरच्या पैशात कॅनडा दाखवलास, उपकार झाले.

एक पान मात्र मिळालं. निशातच्या पायरीवर पडलेलं, कडेने तांबूस. अकरा जणींनी आळीपाळीने हातात धरून फोटो काढले. माझी पाळी आली तेव्हा उलटं करून पाहिलं: शिरांच्या मधोमध भोकं. किडीने खाल्लेलं होतं. कुणाला बोलले नाही. फोटो स्टेटसवर गेले होते.

आता राहिलेला धडा घे. काश्मिरात या ऋतूला हरुद म्हणतात. चिनार रंगतो तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की देठाशी वाट बंद व्हायला लागते, हरितद्रव्य मोडतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच दडलेला असतो, तो उघडा पडतो. लाल मात्र पानातल्या साखरेच्या जोरावर नव्याने तयार होतो. यात डिस्काउंटचा कुठेही संबंध येत नाही. त्या वर्षी दिवाळी होती १२ नोव्हेंबरला! शाळांना सुट्टी, लेकीसुना मोकळ्या, चिनार पेटलेला. कॅलेंडर तुझ्याच भिंतीवर होतं, गणपतीच्या फोटोशेजारी.

पांपोरला केशराची फुलंही दाखवणार होतास. तीही ऑक्टोबर सरता सरता येतात. आम्ही तिथली माती पाहिली. चांगली भुसभुशीत आहे.

आणि अवेळी पिवळी पडलेली पानंच पाहायची होती, तर वाशीम सोडायची गरज काय होती? त्याच सप्टेंबरात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला होता. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि शेंग भरायच्या आत वावर हळदीसारखं होतं. तो रंग पाहून घरात कशी शांतता पसरते, हे तुझ्या वडिलांना विचार. त्यांचंही वावर आहे.

मी परतले तेव्हा धाकटे दीर मळणीयंत्रापाशी उभे होते, पापण्यांपर्यंत भुसा.

“वहिनी, लाल पानं पाह्यली काय?”

“नाही भाऊजी, सगळी हिरवीच होती.”

त्यांनी मूठभर दाणे हातावर घेतले, फुंकर मारली. बारीक, सुरकुतलेले दाणे.

“मंग थोडी इकडं आनाची होती,” म्हणाले.

काल तुझा व्हॉट्सॲप आला. ‘डिसेंबर धमाका : श्रीनगर, ट्युलिप गार्डनसह, भाव निम्मे.’ बाळा, झबरवानच्या पायथ्याची ती बाग फुलते मार्चअखेरीस-एप्रिलात. डिसेंबरात तिथे ट्युलिपचे कंद मातीखाली असतात. माती आम्ही पांपोरला पाहून आलोय.

तुझ्या,
विज्ञानाच्या बाई