जरा सावकाश

आमच्या हिच्या अंगाईवर दोन मुलं आणि एक नात झोपली आहे. ती नात आता न्यू जर्सीत शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. मागच्या महिन्यात तिने फोनवर फर्मान सोडलं, ‘आबा, आजीचं ते झोपायचं गाणं मला स्टाफ नोटेशनमध्ये लिहून पाठव ना!’ पेटीवर चार भजनं वाजवणाऱ्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. मी नोटेशनचं सॉफ्टवेअर उघडलं. पहिल्या सोळा मापांतले काळे-पांढरे गोळे मीच ओळींवर वाळत घातले. पुढची मापं शेजारच्या गिटार शिकणाऱ्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत बसून भरून दिली होती. वर मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : ‘जरा सावकाश’. आणि प्लेचं बटण दाबलं.

अंगाई अशी सुटली की झोपलेलं मूल उठून कवायत करायला लागेल. स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, बाळाला झोपवताय की शाळेची बस गाठताय?’

मला वाटलं, यंत्राला मराठी येत नसेल. म्हणून ‘अडाजिओ’ असं अस्सल इटालियन लिहिलं. बस तशीच धावत राहिली. दोन संध्याकाळी घालवल्यावर उलगडा झाला. या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं दोन जातींची असतात. एक साधा मजकूर, तो फक्त डोळ्यांसाठी. दुसरी लयीची खूण. तिच्या पोटात आकडा असतो आणि यंत्र तो आकडाच पाळतं. आकडा दिलाच नाही तर ते आपलं मिनिटाला १२० ठोके धरून चालतं. मिडी फाइलींचाही तोच रिवाज आहे. लय सांगितली नसेल तर एका ठोक्याला पाच लाख मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद.

हिने गेली पस्तीस वर्षं स्कूटरवर मागे बसून मला ‘जरा सावकाश’ म्हटलं आहे. तो साधा मजकूर होता हे मला त्या संध्याकाळी कळलं. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.’

मग मी रीतसर खूण घातली, ५४. आता अंगाई इतकी रेंगाळली की बाळाच्या आधी गाणारीच झोपावी. हा घोटाळा दादऱ्याचा. दादऱ्याच्या सहा मात्रा मी सहा-आठच्या मापात लिहिल्या होत्या. तिथे ठोका तीन मात्रांचा असतो आणि तो टिंबवाल्या गोळ्याने दाखवतात. मी बिनटिंबाचा गोळा निवडला होता. टिंबामुळे गोळा दीडपट होतो. ते नसल्याने माझे ५४ यंत्राने ३६ करून वाजवले. एका टिंबावर अंगाईचं सुतक झालं.

आकड्याने लय बांधायची हौस तशी जुनी आहे. मेल्झेलने १८१५ साली मेट्रोनोमचं पेटंट घेतलं, तेही विंकेल नावाच्या दुसऱ्याच कारागिराच्या युक्तीवर. बेथोवेनला ते खेळणं इतकं आवडलं की १८१७ मध्ये त्याने आपल्या सिम्फन्यांना आकडे देऊन टाकले. काही आकडे इतके घाईचे आहेत की वादक दोनशे वर्षं भांडताहेत : मेट्रोनोम बिघडला होता की बेथोवेन? आपल्याकडे भातखंड्यांनी शेकडो बंदिशी छापल्या, समेला फुली दिली, खालीला शून्य दिलं. लयीला मात्र विलंबित, मध्य, द्रुत एवढंच. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांना कुणी अर्धं मिनिट घेईल, कुणी जवळजवळ पूर्ण. तो आकडा गुरूच्या मांडीवरच्या थापेत असे.

टिंब दिलं आणि अंगाई सुरेख डोलू लागली. सतराव्या मापापर्यंत. तिथे ती एकदम पाय ओढायला लागली. कागदावर काही नाही. मापं मोजली, गोळे मोजले, चष्मा पुसला. शेवटी ‘अदृश्य खुणा दाखवा’ या पर्यायावर टिचकी मारली, तेव्हा सतराव्या मापाच्या डोक्यावर राखाडी रंगात उगवली एक खूण : ४२. छापताना दिसू नये म्हणून लपवलेली. पण लपवलेली खूण यंत्राला दिसते. घरातल्या थोरांच्या सवयींसारखं आहे हे. भिंतीवर लिहिलेल्या नसतात, पण सगळं घर पाळतं.

शेजारच्या मुलाला हाक मारली. ‘हे काय घालून ठेवलंस?’

‘आजोबा, आजी तिथे हळू होतात. नेहमी. मी ऐकून ऐकून आकडा बसवला. कागदावर गर्दी नको म्हणून लपवला.’

पस्तीस वर्षं ऐकून मला जे दिसलं नव्हतं, ते एका सुट्टीत पोराच्या कानाला दिसलं. हिला विचारलं, तू सतराव्या मापात हळू का होतेस? तिला माप कुठलं हे कळेना. मी ती ओळ गुणगुणून दाखवली. ‘अगंबाई, ते होय! तिथे पोरांचे डोळे पेंगायला लागतात. मग आपण जोरात कसं गाणार?’

मी ती खूण पुसली नाही. उघडी केली. या खुणांची एक सोय मला आता ठाऊक झाली होती. पोटातला आकडा तसाच ठेवून वर हवे ते शब्द लिहिता येतात. आकडा पोटात राहिला, ४२. वर मी लिहिलं : ‘डोळे पेंगले’.

आणि पहिल्या मापावर, ५४ पोटात ठेवून, पुन्हा एकदा ‘जरा सावकाश’. फाइल पाठवली आणि दोघं स्कूटरवरून भाजीला निघालो. ही मागे बसली आणि म्हणाली, ‘चाळीस.’