‘छान’ म्हणायला बंदी आहे

एडिसन, न्यू जर्सी
ऑगस्ट, रविवार दुपार

ती. आई व आप्पा यांस,
साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर आप्पांचं फक्त कपाळ दिसतं आणि आईचं निम्मं बोलणं मिक्सर खातो, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आप्पा दर फोनला एकच विचारतात, ‘एवढे पैसे भरून पोर तिथे शिकली काय?’ आणि आम्ही ‘बरंच काही’ म्हणून वेळ मारून नेतो. आज सविस्तर लिहिते. ड्रॉइंग मास्तरांना मोघम उत्तर चालत नाही, हे त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला नको.

आधी पैशांचं. आकडा लिहीत नाही. आईच्या बी. पी. ची जबाबदारी मी इथून घेऊ शकत नाही. एवढंच सांगते की त्या रकमेत कुडाळच्या स्टँडवर नवीकोरी रिक्षा उभी राहिली असती. जावईबापूंनी हे पोरीला ऐकवूनही पाहिलं. ती म्हणाली, “बाबा, रिक्षा पोर्टफोलिओत लावता येत नाही.” विषय तिथे मिटला, म्हणजे पैसे भरले गेले.

तर इकडे अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी कॉलेजं उन्हाळ्यात वर्ग भरवतात. मुलं तिथेच वसतिगृहात राहतात. हिचा वर्ग सहा आठवड्यांचा होता, सकाळी स्टुडिओत चित्रकला आणि दुपारी लेखन. पुढे आर्ट कॉलेजात प्रवेश हवा असेल तर नुसते मार्क पुरत नाहीत, आपली बारा-पंधरा-वीस कामं निवडून दाखवावी लागतात. तो गठ्ठा उन्हाळ्यात तयार होतो, ही झाली पालकांची समजूत. मुलांची समजूत अशी की आईवडील दोनशे मैलांवर राहतात.

गाव प्रॉव्हिडन्स. ऱ्होड आयलंड या राज्याची राजधानी. राज्य अमेरिकेतलं सगळ्यांत लहान, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही लहान. पण ऐट बघाल तर १९९३ साली त्यांनी कायदा करून स्वतःचं अधिकृत पेय ठरवलं. थंड दुधात कॉफीचं गोड सरबत घालायचं आणि त्याला ‘कॉफी मिल्क’ म्हणायचं. आई, तू उन्हाळ्यात पाहुण्यांना तेच देतेस, फक्त विधानसभेला न विचारता.

या गावातली कॉलेजं टेकडीवर आहेत, टेकडीचं नावच कॉलेज हिल. तिथल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनची जन्मकथा आईला आवडेल. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी इथल्या बायकांनी वर्गणी जमवली आणि शेवटी १,६७५ डॉलर शिल्लक राहिले. बागेत पाण्याचं कारंजं बांधावं की डिझाइनची शाळा काढावी, यावर चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी शाळा निघाली. तुमच्या महिला मंडळाचे हळदीकुंकवाचे उरलेले पैसे दर वर्षी स्टीलच्या डब्यांत जातात. बघ, मांडून तर बघ विषय.

आप्पांसाठी आणखी एक. या शाळेत प्रवेशासाठी बरीच वर्षं सायकलचं चित्र काढून पाठवावं लागे. हे वाचून जावईबापूंनी विजेच्या बिलाच्या पाठीवर ताबडतोब सायकल काढली. इंजिनिअर माणूस, शिवाय बारावीपर्यंत शाळेत सायकलने गेलेला. त्यांच्या सायकलची चेन पुढच्या चाकाला गेली होती आणि पायडल कशालाच जोडलेलं नव्हतं. आप्पांच्या वर्गात हे चित्र पाठीत धपाटा खाऊन परत आलं असतं.

आपली पोर त्याच टेकडीवर होती, पण कुठल्या कॉलेजात ते लिहीत नाही, कारण मेसच्या जेवणाबद्दल लिहायचं आहे. भात होता. बस्स, एवढंच.

जाताना सामानाची यादी आली ती आपल्या गणपतीच्या यादीएवढी. कोळशाच्या कांड्या, मळलेल्या कणकेसारखं लिबलिबीत खोडरबर, पोराच्या उंचीचा कागदाचा पॅड, पुस्तक शिवायला मेण लावलेला दोरा, भोकं पाडायला आरी, आणि घडी दाबायला हाडाची पट्टी. खऱ्या हाडाची! माझ्या सासूबाईंना फोनवर हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “कुणाचं?”

पहिल्या आठवड्यात शिकवलं ते असं की वस्तूकडे बघायचं, पण कागदाकडे अजिबात नाही. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायचा आणि हात त्याच चालीने कागदावर. पेन्सिल उचलायची नाही. तुमच्या एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात तांब्या, पेला नि कांदा मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखा यायलाच हवा. इथे तो सारखा आला तर मास्तरीण संशयाने बघते, म्हणजे चोरून कागद पाहिलास! असं काढलेलं तिच्या बाबांचं चित्र आमच्या फ्रिजवर लावलं आहे. एक कान गळ्याशी आहे, नाक चष्म्याच्या बाहेर पडलंय. पण आप्पा, वाकून फोन बघताना त्यांची हनुवटी गळपट्टीत जशी बुडते ना, ती नेमकी आली आहे. मी इतक्या वर्षांच्या संसारात ती इतकी नीट पाहिली नव्हती.

लेखनाच्या वर्गात त्यांनी या मुलांना छापखान्यात उभं केलं. शिशाचे खिळे, लाकडी केस, आणि जुळाऱ्यासारखं एकेक अक्षर उलटं उचलून पट्टीत लावायचं. कुडाळला लग्नपत्रिका छापून आणायला तुम्ही मला ट्रेडलवर न्यायचात, अगदी तसंच. तिथे कम्प्युटर आल्यावर ते खिळे भंगारात गेले, इथे त्यांच्यासाठी पोरं रांगा लावतात. पण त्यातली खोच मला फार पटली. पोरीने आदल्या रात्री लॅपटॉपवर लिहिलेल्या वाक्यात ‘मंद, धूसर, सोनेरी, उदास’ असा प्रकाश होता. खिळे जुळवायला लागल्यावर आधी ‘उदास’ गेलं, मग ‘सोनेरी’. जेवायच्या सुट्टीपर्यंत नुसता ‘प्रकाश’ राहिला, आणि तोही दुसऱ्या दिवशी काढला. एकेक विशेषण बोटांनी उचलून ठेवायला लागलं की माणूस आपोआप मोजकं लिहितो. आपल्या दिवाळी अंकांच्या काही लेखकांना आठवडाभर अशा केससमोर उभं करायला हवं. (नावं फोनवर सांगेन.)

एक दिवस संग्रहालयात नेऊन लाकडी बुद्धासमोर बसवलं. जपानमधला, बाराव्या शतकातला, बसलेला आहे तरी सुमारे नऊ फूट उंच. त्याला बघून लिहा, म्हणाले, पण ‘शांत’ हा शब्द वापरायचा नाही. निम्मा वर्ग तिथेच अडला. आपली पोर लाकडाच्या भेगांवर लिहून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी अथेनियम नावाचं जुनं ग्रंथालय. तिथे एडगर ॲलन पो हा लेखक सारा हेलन व्हिटमन या कवयित्रीला भेटायला यायचा. १८४८ मध्ये त्यांचं लग्न ठरलं, दारू सोडीन असं त्याने कबूल केलं, आणि ते मोडल्याचं कळताच त्याच वर्षाअखेरीस लग्नही मोडलं. बाईंचं वागणं मला पूर्ण पटलं. पोरीला पटलं नाही, तिने पोच्या बाजूने दोन पानं लिहिली. वयच तसं आहे.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या शिक्षणाचा गाभा म्हणजे ‘क्रिट’. प्रत्येकाने आपलं काम भिंतीवर टाचायचं आणि स्टुलावर गप्प बसायचं. तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी पहिल्या फेरीत फक्त काय दिसतंय ते सांगायचं, दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायचे, मत द्यायचं ते तिसऱ्या फेरीत. ‘छान’ म्हणायला पहिल्या दोन फेऱ्यांत सक्त बंदी. शेवटच्या शनिवारी पालकांनाही बोलावलं होतं. कनेक्टिकटच्या ट्रॅफिकने आमचा जीव काढला, पण वेळेत पोचलो.

आप्पा, तिने पुस्तक केलंय ते पिंगुळीवरून. तुम्ही गेल्या सुट्टीत तिला चित्रकथी दाखवायला ठाकर आदिवासी कला अंगणात नेलंत ना, परशुराम गंगावण्यांकडे? त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही आम्हाला कात्रण पाठवलं होतं, तेच. एकेक चित्र पुढे धरायचं, कथा गायची, आणि ते झालं की मागचं चित्र, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. तिने वर्गात ते सांगितलं. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात, हेही सांगितलं. आणि तशाच पानांचं पुस्तक केलं. विषय रामायण नव्हे, आमच्या घरची सकाळ. नायक प्रेशर कुकर. खलनायिका कोण, हे मला तिथे जाऊन कळलं.

पानं भिंतीवर लागली. पोर स्टुलावर. मास्तरीणबाईंनी पालकांकडे वळून विचारलं, “काय दिसतंय?” जावईबापू लगेच म्हणाले, “व्हेरी नाइस!” बाई म्हणाल्या, “ते नंतर. दिसतंय काय?”

ते क्षणभर गोठले. मग त्यांच्यातला सॉफ्टवेअर टेस्टर जागा झाला. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेतलाय. ते भिंतीपाशी गेले आणि बग रिपोर्ट वाचावा तसे सुरू झाले. “झाकण तिरकं आहे. शिट्टी मध्यावर नाही. दुसऱ्या पानावर डब्याला चमचा आहे, तिसऱ्यावर नाही. तिसऱ्या पानावर वाफ डावीकडे जाते, चौथ्यावर उजवीकडे, खिडकी मात्र जागची हललेली नाही.” वर्गात चिडीचूप. मी म्हटलं, संपलं, आता पोर रडणार. पोर लाल झाली, पण नियम म्हणजे नियम, गप्प बसली. बाई मात्र भराभर वहीत उतरवून घेत होत्या.

दुसऱ्या फेरीत एका आजीबाईंनी विचारलं, “या स्वयंपाकघरात रागावलेलं कोण आहे?” मला उत्तर ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोरीने स्टुलावरून असं पाहिलं की मी ते उघडंच ठेवून जांभई दिल्यासारखं केलं. पुस्तकातल्या पात्रांनाही बोलायला बंदी असते, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

शेवटी तिला बोलू दिलं. वाफेची दिशा तिने मुद्दाम बदलली होती. पहिली तीन पानं तिने पाहिलेली सकाळ, चौथ्या पानापासून मी पाहिलेली. ओट्याच्या पलीकडून बघितलं की डावं ते उजवं होतं. शिट्टी मात्र खरोखरच चुकली होती, आणि चमचाही. बाबांचं नाव पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आभारात छापलंय. खिळे जुळवून. तेव्हापासून ते ऑफिसात सगळ्यांना सांगतात की आपण कलासमीक्षक आहोत.

हा नियम आता घरी आलाय. परवा मी आमटी केली. पोर म्हणाली, “आई, तू बोलायचं नाहीस. बाबा, काय जाणवतंय?” बाबा म्हणाले, “डाळ आणि पाणी वेगवेगळे उभे आहेत.” मी गप्प. “कोकम उशिरा पडलंय.” मी गप्प. तिसऱ्या फेरीत ‘छान’ येईल या आशेवर बसले, तर तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांचं जेवण उरकलं होतं.

तर आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की पोर तिथे गप्प बसायला शिकली. आपल्या दोन्ही घराण्यांत हे आजवर कुणाला जमलेलं नाही. स्वतःच्या कामाबद्दल दहा जण बोलत असताना मध्ये ‘अहो पण’ न म्हणता ऐकून घ्यायचं, आणि मग रात्री जाऊन शिट्टी दुरुस्त करायची. फीचे पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. जावईबापूंचंही झालंय, कारण मध्ये त्यांना कळलं की त्या टेकडीवर डिझाइन स्कूल आणि ब्राउन विद्यापीठ मिळून पाच वर्षांत दोन पदव्या देतात. एकावर एक फ्री म्हटलं की मराठी माणूस कलेच्या बाजूने उभा राहतो.

सोबत तिच्या पुस्तकाची एक प्रत पाठवते आहे. घडी सावकाश उलगडा, शिवण कच्ची आहे. आणि आप्पा, तिला उत्तर लिहा, तुमच्या हाताने, मराठीत. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती वाचते. फक्त नियम पाळा. पहिल्या पानावर काय दिसलं तेवढंच. मग प्रश्न. मत अगदी शेवटी. लाल पेन्सिल ड्रॉवरमध्येच असू दे. आई, तूही लिही, कारण तो कुकर तुझा आहे, लग्नात दिलेला, आणि झाकण खरंच तिरकं आहे की तिचा हात चुकलाय, हे ठरवायला तुझ्याइतका जाणकार कुणी नाही. पत्ता पाठीमागे इंग्रजीत लिहिला आहे, तोच कापून पाकिटावर चिकटवा.

तुमची,
बाय