तेलाइतकी तरी जबाबदारी

तमाम तारे-तारकांनो आणि आजी-माजी खेळाडूंनो,



आपल्या शब्दाखातर आम्ही साबण बदलले, पानमसाल्याला वेलची म्हणायला शिकलो. मग शेतीच्या कायद्यांवर आपलं ऐकायला आमची काय हरकत असणार? २ फेब्रुवारी २०२१ला रिहाना या परदेशी गायिकेने शेतकरी आंदोलनावर एका ओळीचा प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं, सोबत दोन हॅशटॅग दिले, आणि शेतकरी दिल्लीच्या वेशीवर थंडीत बसलेले असताना दोन महिने ज्यांना काही सुचलं नव्हतं अशा अनेकांना त्या दिवशी भराभर सुचू लागलं. अक्षयकुमार आणि सायना नेहवाल यांना तर जवळजवळ शब्दशः एकच सुचलं! बाहेरच्यांनी प्रेक्षक असावं, सहभागी होऊ नये, असं सचिन तेंडुलकरांनी बजावलं. आतल्यांनी काय व्हावं ते राहून गेलं. वादाचा सलोख्याने तोडगा निघेल, असा धीर आपण दिलात. तोडगा निघाला तो असा : १९ नोव्हेंबर २०२१ला पंतप्रधानांनी तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा केली, म्हणजे आंदोलक जे मागत होते तेच झालं. तेव्हा आपला कोरस काही पुन्हा ऐकू आला नाही.

आपण केसांच्या तेलाची जाहिरात करता तेव्हा कायदा आपल्याला मोकळं सोडत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीशी असलेले हितसंबंधही उघड करावे लागतात. तेलाने फार तर केस गळतील. मताने सरकारं बनतात, आणि तिथे असं कुठलंच बंधन नाही. २०१९मध्ये कोब्रापोस्ट या वृत्तसंकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणात तीसहून अधिक कलावंत पैसे घेऊन पक्षाचा मजकूर स्वतःचं मत म्हणून टाकायला तयार झालेले दिसले. काहींनी आरोप फेटाळले, काहींनी समोरच्याला सरळ नकार दिला होता. 

आपण म्हणाल, कलावंतही नागरिकच असतो. अलबत! १९७७च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांतून बोलले. पण मत त्यांचं होतं, शब्द त्यांचे होते, आणि कोणाच्या बाजूने बोलतोय हे त्यांनी लपवलं नव्हतं. दुसरा बचाव असा की लोक इतके दुधखुळे नसतात, नटाचं ऐकून कोणी मत देत नाही. पण दूरचित्रवाणी-निवेदिका ओप्रा विन्फ्रेच्या पाठिंब्यामुळे २००८च्या प्राथमिक फेरीत ओबामांना सुमारे १० लाख जास्तीची मतं मिळाली, असा अमेरिकी अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. २०२४मध्ये गायिका टेलर स्विफ्टने पाठिंबा दिलेल्या कमला हॅरिस हरल्या, हेही खरं. पण तिने दिलेल्या दुव्यावरून एका दिवसात ४ लाखांहून अधिक लोक सरकारी मतदार-संकेतस्थळावर पोहोचले. शिवाय या दोघींनी उमेदवाराचं नाव घेऊन पाठिंबा दिला होता. लोकांना तो तोलता आला, हवा तर झिडकारताही आला. पक्षाचं नाव न घेता ‘देश’ म्हणून केलेला प्रचार झिडकारायचा कसा? झिडकारणारा आपोआप देशद्रोही ठरतो. संताप येतो तो याचा.

आणि तरीही आपली भीती मला कळते, ती पोकळ नाही. सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून १९७६मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. जानेवारी २०२०मध्ये दीपिका पदुकोण जेएनयूत विद्यार्थ्यांच्या निदर्शनात एक शब्दही न बोलता नुसती उभी राहिली, तर तीन दिवसांवर आलेल्या तिच्या ‘छपाक’वर बहिष्काराची हाक उठली. एका चित्रपटावर शेकडो माणसांचा पगार अवलंबून असतो. तेव्हा बोला असा आग्रह मी धरणार नाही. खुशाल गप्प बसा, तो आपला हक्क आहे. पण कुणी लिहून दिलेलं टाकणारच असाल, तर खाली बारीक अक्षरांत एक ओळ जोडा : मजकूर कोणाचा, मोबदला काय. ‘मोबदला काही नाही, नाही म्हणायची हिंमत झाली नाही’ एवढं लिहिलंत तरी चालेल. त्या ओळीवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार